क्रमवारीत नाव नाही, मग?

प्रश्न : मी गोल्फ कोर्सची आखणी करणाऱ्या कार्यालयात नवी आहे. आमचं मैदान नामांकित यादीत आलं नाही, म्हणून सगळे खट्टू आहेत. या क्रमवारीकडे कसं पाहावं?

उत्तर : आधी यादी काय मोजते ते पाहा. ‘गोल्फ डायजेस्ट’ मासिकाने 1966 मध्ये अमेरिकेतल्या 200 मैदानांची यादी काढली, ती सर्वांत अवघड मैदानांची होती. अवघडपणाला मान मिळू लागला, की आखणारे लांबी वाढवत जातात आणि साधा खेळाडू दमतो. या व्यवसायाचं त्यात मोठं नुकसान झालं, असं मला ठामपणे वाटतं. यादीचे परीक्षक बहुधा एक-दोनदाच खेळून जातात. सभासदांचं आयुष्य त्या मैदानावर जातं.

यादीऐवजी जमिनीकडे पाहायला शिकण्यासाठी नॉर्थ कॅरोलायनातलं पाइनहर्स्ट क्रमांक 2 हे मैदान अभ्यासाच. त्याचे आखणीकार डोनाल्ड रॉस 1948 मध्ये निधन होईपर्यंत त्यात सुधारणा करत राहिले. पुढं कडेच्या वाळूवर आणि रानगवतावर हिरवळ पसरली. बिल कूर आणि बेन क्रेनशॉ या आखणीकारांनी 2010-11 मध्ये कित्येक एकर हिरवळ काढून वाळू पुन्हा उघडी केली. पाणीही पुष्कळ वाचलं. 2014 मध्ये पुरुषांची आणि महिलांची यूएस ओपन लागोपाठच्या आठवड्यांत तिथंच झाली.

तसंच तुम्हीही जोराच्या पावसानंतर तुमच्या मैदानावर जा. पाणी कुठं साचतं, गवत कापणाऱ्यांना कोणता उतार छळतो, ज्येष्ठ खेळाडूला चेंडू जमिनीवरून घरंगळवत ग्रीनवर नेता येतो का, हे टिपून घ्या. ती टिपणं पुढच्या नकाशाच्या बैठकीत मांडा.