बाळसे आणि स्थूलता

अंगाने भरलेले मूल पाहिले की ‘बाळसे धरले आहे’ असे आपण कौतुकाने म्हणतो. ज्या समाजाने पिढ्यान् पिढ्या दुष्काळ सोसला, त्याच्या भाषेत पुष्ट देहाला मान असावा, हे स्वाभाविकच होय. आजही ते कौतुक अगदीच अस्थानी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) पाच वर्षांखालील ३५.५ टक्के भारतीय बालकांची उंची वयाच्या मानाने कमी आढळली. परंतु अतिरिक्त वजनाच्या बालकांचे प्रमाणही मागील फेरीतील २.१ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर गेल्याचे त्याच पाहणीने नोंदविले आहे. संख्या लहान आहे. तिची दिशा मात्र विचारात घेण्याजोगी आहे.

एकाच वर्गात एक मूल हाडकुळे असते, दुसरे स्थूल असते आणि पुष्कळदा दोघांच्याही हातांत तीच पाच रुपयांची पुडी असते. मैदा, तेल, मीठ व साखर यांच्या या पदार्थांत उष्मांक पुष्कळ, पण प्रथिने व लोह नाममात्र. हाडकुळ्या मुलाची भूक त्याने मरते व भाकरी ताटात राहते; दुसऱ्याच्या आहारात त्याची भर पडून शरीरात मेद साठतो. म्हणून हा केवळ सुखवस्तू शहरी घरांचा प्रश्न आहे, असे समजू नये.

शासनाने काही पावले उचलली आहेत. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या विनियमांनुसार शाळेच्या आवारात व फाटकापासून ५० मीटरपर्यंत अतिरिक्त मेद, मीठ वा साखर असलेले पदार्थ विकण्यास मनाई आहे. शालेय पोषण आहारात प्राथमिक वर्गांसाठी ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने ठरविली आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये गोड शीतपेयांवर ४० टक्के कर बसला. पण त्याच फेरबदलात बिस्किटे व फरसाण यांवरील कर ५ टक्क्यांवर उतरला. धोरण नेहमीच एका दिशेने चालते असे नाही!

आता ५० मीटरचा नियम खेड्यात पाळावयाचा कसा? दुकानदार गावचाच, बहुधा आपल्याच विद्यार्थ्याचा पालक. त्याला नियमाचा कागद दाखवून वैर ओढवून घेण्यापेक्षा शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेस त्यालाच बोलवावे. फुटाणे, शेंगदाणे, केळी, पेरू हाही विकण्याजोगाच माल आहे, हे गावाने मिळून सांगितले तर तो ऐकण्याचा संभव अधिक.

घराकडे वळताना एक गोष्ट ध्यानी घ्यावी. पुष्कळ घरी खाऊचे पैसे हे लाड नसून न्याहारीचा मोबदला असतात. आई पहाटेच मजुरीस निघते. चूल पेटविण्यास वेळ नसतो. म्हणून ती नाणे हातावर ठेवते. अशा मातेस पालकसभेत चार लोकांसमक्ष उपदेश करणे अन्यायाचे होईल. रात्रीची भाकरी व मूठभर शेंगदाणे एवढी सोय तिला सुचवावी. जेवताना मुलाच्या हाती मोबाइल देऊ नये, हेही सांगावे. पोट भरल्याची जाणीव त्यामुळे हरपते.

मुलांनी दररोज किमान ६० मिनिटे अंगमेहनतीचा खेळ खेळावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीसाठी खेळाचा तास सर्वप्रथम बळी पडतो, हे आपण सर्व जाणतो. लंगडी, खो-खो, आट्यापाट्या यांना साहित्य लागत नाही. वेळापत्रकातील तो तास तेवढा राखावा लागतो.

वजन घेताना विशेष जपावे. आकडा वर्गात मोठ्याने वाचू नये. जाड मुलास ठेवलेले टोपणनाव शिक्षकाच्या तोंडी कधीही येऊ नये. चेष्टेच्या भीतीने जे मूल खेळातून अंग काढते, ते अधिकच स्थूल होते. तसेच नुसत्या वजनावरून निष्कर्ष काढू नये. वय, उंची व वजन यांचा मेळ घालावा लागतो आणि प्रौढांची कोष्टके मुलांस लागू पडत नाहीत. मुलास उपाशी ठेवण्याचा सल्लाही देऊ नये, कारण त्याची वाढ अजून व्हावयाची असते. शंका वाटल्यास नोंद करून ठेवावी व राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीस येईल, तेव्हा ते मूल वैद्यकीय अधिकाऱ्यांस दाखवावे.