तपशीलपत्रकाचे वाचन : छपरावरील बिनतारी यंत्र

कवितेतील एखाद्या शब्दाचे दोन अर्थ निघाले तर तिची गोडी वाढते. यंत्राच्या तपशीलपत्रकातील शब्दाचे दोन अर्थ काढले तर मात्र यंत्रच बंद पडते. या पाठात आपण अशा एका पत्रकाचे वाचन करणार आहोत. ते आहे छपरावर किंवा खांबावर बसवल्या जाणाऱ्या बिनतारी जोडणीच्या यंत्राचे.

हे यंत्र कोणत्या कामी येते? तमिळनाडूतील तेनी येथील अरविंद नेत्र रुग्णालयाचे उदाहरण पाहा. २००० नंतरच्या दशकात बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांच्या साहाय्याने या रुग्णालयाने आसपासच्या गावांतील दृष्टिकेंद्रे लांब पल्ल्याच्या वाय-फायने जोडली. रुग्ण आपल्या गावाजवळच्या केंद्रात बसे आणि तेनीचे डॉक्टर पडद्यावरून त्याच्याशी बोलत. या जोडण्या टिकवताना आलेल्या अडचणी संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केल्या. वीजपुरवठ्यातील चढउतार ही त्यांतील एक मोठी अडचण होती. जोडणी तुटली की रुग्णाचा एस.टी.सारख्या गाडीने करावा लागणारा प्रवास पुन्हा सुरू होई, हे ध्यानात ठेवून पुढील वाचन करावे.

पत्रकात प्रथम वारंवारिता दिलेली असते, बहुधा २.४ किंवा ५ गिगाहर्ट्‌झ. आपल्या देशात २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला; ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यांचा परवान्याविना घराबाहेर वापर २०१८ च्या अधिसूचनेने खुला झाला. परवानामुक्त म्हणजे नियममुक्त नव्हे. २.४ गिगाहर्ट्‌झसाठी प्रक्षेपकाची शक्ती १ वॉट आणि अँटेनासह होणारी परिणामी शक्ती ४ वॉट, अशी मर्यादा त्या २००५ च्या नियमांत घातलेली आहे.

पत्रकात मात्र ही शक्ती वॉटमध्ये नसते, 'डीबीएम'मध्ये असते. येथे वाचकाची पहिली फसगत होते. हे एकक बेरजेने नव्हे, गुणाकाराने चालते. ० डीबीएम म्हणजे १ मिलिवॉट, २० म्हणजे १०० मिलिवॉट आणि ३० म्हणजे १ वॉट. आकडा ३ ने वाढला की शक्ती जवळजवळ दुप्पट होते. दुसरी फसगत 'ग्रहणक्षमता' या ओळीत होते. तेथील आकडे उणे असतात. उणे ९५ हे उणे ७५ पेक्षा चांगले, कारण तितका क्षीण संकेतही यंत्राला ऐकू येतो. एकाच यंत्राचे हे दोन्ही आकडे असू शकतात. मंद गतीला पहिला, वेगवान गतीला दुसरा. विक्रेता पल्ला सांगताना पहिल्या आकड्याच्या आधारे सांगतो आणि वेग सांगताना दुसऱ्या, असे आढळले तर नवल वाटू देऊ नये.

'आयपी' ही दोन अक्षरे तर एकाच पत्रकात दोन वेगळ्या अर्थांनी येतात. 'आयपी ६५' म्हणजे आवरणाच्या संरक्षणाची श्रेणी : ६ हा अंक धूळ आत शिरणार नाही असे सांगतो, ५ हा अंक पाण्याच्या फवाऱ्यापासून संरक्षण दर्शवतो. '१९२.१६८.१.२०' हा मात्र 'आयपी पत्ता', म्हणजे जाळ्यातील यंत्राचे ठिकाण. संदर्भ पाहूनच अर्थ ठरवावा.

आता सर्वांत महत्त्वाचा शब्द : 'रीसेट'. बोलण्यात आपण यंत्र बंद करून चालू करण्यालाही 'रीसेट मारला' म्हणतो. पत्रकात त्याचा अर्थ वेगळा आहे. यंत्र 'पुन्हा सुरू करणे' म्हणजे केवळ वीज तोडून जोडणे. त्यात भरलेली माहिती शाबूत राहते. यंत्र 'मूळ स्थितीत आणणे' म्हणजे जाळ्याचे नाव, परवलीचा शब्द, पत्ता, वारंवारिता सारे पुसून कारखान्यातून निघाले तसे करणे. एका अभ्यासकेंद्रावर मी स्वतः पाहिले आहे. पावसाने केबलच्या टोकाची जोडणी गंजली होती, एवढाच दोष. मदतनिसाने उत्साहाने रीसेटची कळ दाबून धरली. जोडणी बदलायला दहा मिनिटे पुरली असती. त्याऐवजी हरवलेली माहिती शोधण्यात दोन दिवस गेले. त्या मुलाला दोष देववत नाही, कारण त्याला दोन्ही क्रियांसाठी एकच शब्द ठाऊक होता.

म्हणून क्रम असा ठेवावा. आधी वीज, केबल आणि दिवे तपासावेत. मग यंत्र पुन्हा सुरू करावे. तरीही उपयोग झाला नाही, किंवा परवलीचा शब्दच हरवला असेल, तरच ते मूळ स्थितीत आणावे. त्यासाठी वीज चालू ठेवून बारीक टाचणीने कळ साधारण दहा सेकंद दाबून धरतात. नेमका अवधी यंत्राच्या पुस्तिकेत पाहावा. दिव्यांची उघडझाप बदलली की कळ सोडावी आणि यंत्र पूर्ण सुरू होईपर्यंत वीज तोडू नये. काही यंत्रांत केबलमधून वीज देणाऱ्या खालच्या डबीवरही ही कळ असते, तेव्हा शिडी लागतच नाही. मेघगर्जना होत असताना तर छपरावर जाऊच नये.

यानंतर यंत्र पुस्तिकेत छापलेल्या मूळ पत्त्यावर सापडते. संगणकाला त्याच मालिकेतील दुसरा पत्ता देऊन न्याहाळकात तो मूळ पत्ता टंकावा. देश 'भारत' निवडावा, म्हणजे शक्तीची मर्यादा योग्य राहते, आणि छापील परवलीचा शब्द लगेच बदलावा, कारण तो सर्वांनाच ठाऊक असतो. दूरच्या टोकाचे यंत्र मात्र आपल्या खोलीतून मूळ स्थितीत आणू नये. पुसले जाताच ते आपल्याला ओळखेनासे होते, आणि मग त्या गावी जाण्यावाचून गत्यंतर नसते.

पाठगत प्रश्न

१. एका यंत्राची शक्ती २० डीबीएम व दुसऱ्याची २३ डीबीएम आहे. दुसऱ्याची शक्ती सुमारे किती मिलिवॉट?
२. 'पुन्हा सुरू करणे' आणि 'मूळ स्थितीत आणणे' यांतील फरक घरातील एखाद्या वस्तूचे उदाहरण देऊन चार वाक्यांत लिहा.
३. तुमच्या दृष्टिकेंद्राची जोडणी तुटली आहे व बाहेर सहा रुग्ण बसले आहेत. मदतनिसाला दूरध्वनीवरून द्यावयाच्या सूचना 'रीसेट' हा शब्द न वापरता लिहा.