कपाटाचे धुराडे

बारामती-इंदापूर भागातील मुलांना गुऱ्हाळ काही नवे नाही. निरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर येथे ऊस पिकतो आणि हंगामात चुलवाणे पेटतात. काहिलीखाली जाळ घालणारा माणूस चिपाडे टाकीत असतो. पंखा नसला तरी जाळ धडाडून पेटतो, कारण पलीकडे धुराडे असते. त्यातली तापलेली हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला थंड हवा चुलवाणाच्या तोंडातून आत शिरते. ४० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.१३ किलोग्रॅम असते, तर ६० अंशांना १.०६. फरक थोडा दिसतो खरा, पण ओढ निर्माण करतो तो हाच. माळेगाव किंवा भवानीनगरच्या साखर कारखान्याच्या उंच धुराड्यामागेही हे तत्त्व आहे. तेथे जोडीला पंखे असतात.

आता स्वयंपाकघरात या. नव्या घरांत जमिनीपासून छतापर्यंत उभे कपाट करून त्यात फ्रिज आणि वरच्या कप्प्यात ओव्हन बसवतात. दिसायला छान दिसते. पण सुतारदादांनी माप अगदी चपखल घेतले, मागे-पुढे फट ठेवली नाही, तर काय होईल?

फ्रिज थंडी ‘तयार’ करीत नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. चालू फ्रिजच्या बाजूला किंवा पाठीला हात लावून पाहा, कोमट लागेल. ही उष्णता कपाटातच कोंडली तर फ्रिजला तीच पुन्हा पुन्हा उपसावी लागते. आत ४ अंश आणि बाहेर मे महिन्यातले ४० अंश असतील, तर फरक ३६ अंशांचा. कोंडलेल्या कपाटात ५५ अंश झाले, तर तोच ५१ होतो. आदर्श यंत्रालासुद्धा तेवढीच उष्णता उपसायला मग सुमारे १.४ पट काम करावे लागते. खरे यंत्र तर आदर्श नसतेच! कॉम्प्रेसर थांबायचे नाव घेत नाही, विजेचे बिल चढते आणि दूध मात्र नासते. आजीच्या दुभत्याच्या कपाटाला जाळी असे, ती उगीच नव्हे.

एक प्रयोग मोठ्या माणसांच्या देखत करा. पेटत्या मेणबत्तीवर कंदिलाची काच उभी करून तिची खालची कड ओल्या मातीने बुजवा. वरचे तोंड उघडे असूनही ज्योत थोड्याच वेळात मंदावते, बहुधा विझतेही. आता माती काढून काच नाण्यांच्या दोन चवडींवर ठेवा. ज्योत नीट जळते, आणि खालच्या फटीजवळ उदबत्ती धरली तर धूर आत ओढला जातो. म्हणजे नुसते वर भोक पाडून भागत नाही. खालूनही वाट हवी. अशा कपाटासाठी बनवलेल्या फ्रिजांच्या अनेक पत्रकांत खाली व वर किमान २०० चौरस सेंटिमीटरची मोकळी जागा सांगितलेली असते. म्हणजे ५० सेंटिमीटर रुंदीला ४ सेंटिमीटरची फट. साधा फ्रिज असेल, तर त्याच्या पत्रकातली माप पाहावी. काहींना दोन्ही बाजूंनाही जागा लागते.

मात्र गॅसचे सिलिंडर ह्या कपाटात किंवा त्याच्या पायाशी नको. तो वायू हवेपेक्षा जड असल्याने गळला तर जमिनीलगत पसरतो आणि खालच्या फटीतून थेट विजेच्या उपकरणांपाशी ओढला जाईल.

दुसरा धोका तोलाचा. समजा, कपाट व उपकरणे मिळून ९० किलोग्रॅम आहेत आणि पुढचे पाय दर्शनी बाजूच्या ८ सेंटिमीटर आत आहेत. गुरुत्वमध्य ह्या पायांच्या २२ सेंटिमीटर मागे धरला, तर सावरणारा आघूर्ण ९० × २२ = १९८० होतो. खालच्या बाजूला बसवलेल्या ओव्हनचे ४५ सेंटिमीटरचे दार आडवे उघडले आणि वरचा लाडवांचा डबा काढायला ४० किलोग्रॅमचा मुलगा त्याच्या कडेवर चढला, तर? पायांपासून अंतर ५३ सेंटिमीटर; आघूर्ण ४० × ५३ = २१२०. कपाट पुढे येणार! म्हणून ते गिलाव्यात नव्हे, भक्कम भिंतीत बोल्टांनी जखडतात. ओव्हन फार उंचही नको. उकळते भांडे चेहऱ्यासमोरून उतरवणे वाईट.

विजेचे गणित सोपे आहे. ३००० वॅटच्या ओव्हनला २३० व्होल्टवर सुमारे १३ अँपिअर लागतात. ६ अँपिअरचा सॉकेट येथे उपयोगाचा नाही. १६ अँपिअरचा, अर्थिंग असलेला आणि स्वतंत्र तारेचा हवा. तो ओव्हनच्या पाठीमागे दडवू नये, शेजारच्या कप्प्यात हात पोचेल असा ठेवावा. हे काम वायरमनचे, तुमचे नव्हे.

तुमचे काम वेगळे. फ्रिज तासभर चालल्यावर पातळ कागदाची पट्टी कपाटाच्या खालच्या फटीसमोर धरा, मग वरच्या फटीसमोर. खाली ती आत वळली आणि वर बाहेर फडफडली, तर कपाटाचे धुराडे चालू आहे. ती अगदी स्थिर राहिली, तर आधी फटीत कोणी पिशव्या कोंबल्या आहेत का ते पाहा.