घरी जायची तारीख आधी ठरवा

प्रश्न : मी नवीन ट्रक ड्रायव्हर आहे. तासगावहून बेदाणा घेऊन दिल्लीला जातो. परत आलो की घरी न सोडता मॅनेजर दुसरा माल भरायला लावतात. नाही म्हटलं तर काम जाईल अशी भीती वाटते. काय करू?
– एक वाचक, आटपाडी

उत्तर : सुटी मागायची वेळ परतल्यावरची नाही, गाडी भरण्याआधीची आहे. तेव्हा मॅनेजरला तुमची गरज असते. शांतपणे सांगा, "साहेब, ही फेरी करतो, पण वीस तारखेला गावात जत्रा आहे, दोन दिवस घरी राहणार. परतीचा माल कराड किंवा सांगलीचाच बघा." हेच लगेच व्हॉट्सअॅपवरही पाठवा. तोंडी कबुली हंगामात विसरली जाते.

मोठी उचल मात्र घेऊ नका. अंगावर पैसे असले की नाही म्हणायला जीभ रेटत नाही. कित्येक नवे ड्रायव्हर इथेच अडकतात.

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने सलग दहा दिवसांहून जास्त काम न देता पूर्ण दिवसाची सुटी बंधनकारक केली. २०२० च्या श्रमसंहितेतही ही मर्यादा आहे. दोन-चार गाड्यांच्या मालकापुढे कायद्यापेक्षा आधी दिलेली तारीखच जास्त चालते, हेही खरं.

भरलेली गाडी वाटेत सोडून मात्र कधीच निघू नका. आणि डोळ्यांवर झोप असेल, तर खंबाटकी घाट चढण्याआधी गाडी बाजूला लावा, मॅनेजरला फोन करून उशीर होईल एवढंच कळवा.