चुनखडकात गुहा होते, काळ्या पाषाणात मुरूम होतो

विंधन विहीर घेताना "अजून शंभर फूट जाऊ, खाली मोठा झरा लागेल" असे नेहमी ऐकावयास मिळते. जमिनीखाली नदी वाहते ही कल्पना खोटी नाही, परंतु ती चुनखडकाच्या प्रदेशात खरी आहे. बीड जिल्ह्याचा खडक वेगळा आहे. हा फरक समजून घेतल्यास पैसा आणि पाणी दोन्ही वाचेल.

गुहा कशी तयार होते?

पावसाचे पाणी हवेतील कर्बद्विप्राणिद वायू शोषून घेते. जमिनीतून झिरपताना मुळांच्या व सूक्ष्म जीवांच्या श्वसनामुळे साठलेला हाच वायू त्यास अधिक प्रमाणात मिळतो. त्यामुळे पाणी किंचित आम्ल बनते. असे पाणी चुनखडकाच्या भेगेत शिरले की खडक विरघळून पाण्याबरोबर निघून जातो. मागे गाळ थोडाच उरतो. म्हणून भेग रुंदावत जाते आणि हजारो-लाखो वर्षांत तिची गुहा होते. नदीचे पात्र खोल गेले की भूजलाची पातळी उतरते, वरची गुहा कोरडी पडते आणि पाणी खाली नवी वाट काढते. काही ठिकाणी छत कोसळून जमिनीवर खळगे पडतात. कोरड्या गुहेत थेंबातील वायू निघून गेला की चुना पुन्हा साठतो व लवणस्तंभ तयार होतात. आंध्र प्रदेशातील बेलम व बोरा आणि छत्तीसगडमधील कोटुमसर या गुहा अशाच घडल्या. आपल्या राज्यात चुनखडक चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा-कोरपना आणि यवतमाळ जिल्ह्यातील वणी या भागांत आहे.

बीडमध्ये काय घडते?

आपला काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे हे थर आहेत. तेच आम्लयुक्त पाणी यावरही काम करते. पण हा खडक चुनखडकासारखा विरघळून वाहून जात नाही. तो कुजतो आणि त्याचा बराचसा भाग मुरूम व चिकणमातीच्या रूपाने जागेवरच राहतो. कित्येक भेगा या मातीने बुजतात. म्हणून येथे पोकळी वाढत नाही. अंबाजोगाईची लेणी माणसाने छिन्नीने कोरलेली आहेत, पाण्याने नव्हे. सौताड्याला विंचरणा नदी कड्यावरून कोसळते, तेथेही पाणी खडक फोडते आणि झिजवते, विरघळवीत नाही.

कुजताना सुटलेला चुना मात्र पाण्यात उतरतो. कमी पाऊस व कडक ऊन यामुळे पाणी उडून जाते आणि चुना जमिनीत खड्यांच्या रूपाने साठतो. हीच आपली चुनखडी. बारीक केलेल्या खड्यावर सौम्य आम्ल टाकल्यास फेस येतो, ताज्या काळ्या दगडावर येत नाही. ठिबकच्या तोट्या पांढऱ्या थराने बुजतात, त्यामागेही हाच चुना असतो.

हिशेब करून पाहा

बेसॉल्टमध्ये पाणी मुरूम, सांधे आणि सच्छिद्र थर यांतच राहते. मुरमाड बेसॉल्टच्या 100 घनमीटरमधून साधारण 1 ते 3 घनमीटर पाणीच काढता येते. वर्षाला 650 मि.मी. पाऊस धरला तर एका हेक्टरवर 65 लाख लिटर पाणी पडते. भूजलाच्या अंदाजासाठी कुजलेल्या बेसॉल्टमध्ये सुमारे 7 टक्के पाऊस मुरतो असे धरतात. म्हणजे 4 लाख 55 हजार लिटर. पाटपाण्यावरील उसाला हेक्टरी सुमारे 2 कोटी लिटर पाणी लागते. त्यातील निम्मी गरज पावसाने भागली असे मानले, तरी उरलेल्या 1 कोटी लिटरसाठी 22 हेक्टरवर मुरलेले पाणी खर्च होते. म्हणजे एकाच्या उसात शेजाऱ्यांच्या विहिरींचेही पाणी जाते.

काय करावे?

1. विंधन विहिरीपूर्वी भूजल सर्वेक्षण यंत्रणेचा सल्ला घ्यावा. घट्ट पाषाण लागल्यावर केवळ आशेवर खोली वाढवू नये.

2. विहिरीची पातळी ऑक्टोबर व मे महिन्यांत मोजून वहीत लिहावी. रब्बीचे क्षेत्र ऑक्टोबरच्या पातळीवरून ठरवावे.

3. बांधबंदिस्ती व समपातळी चर माथ्यापासून पायथ्याकडे घ्यावेत. मुरमाड माळ हीच आपली पाणी मुरण्याची जागा, ती राखावी.

4. विहिरीत पाणी सोडताना ते दगड, खडी व वाळूच्या गाळणीतूनच सोडावे. गढूळ पाण्याने भेगा बुजतात.

5. ऊस व फळबागेस ठिबक वापरावे. उसाचे क्षेत्र मोजलेल्या पाण्याच्या मर्यादेतच ठेवावे.

गुहेतील नदी दूरवरून पाणी आणते. आपल्या पाषाणात तशी नदी नाही. आपल्या विहिरीत येते ते प्रामुख्याने आपल्याच शिवारात मुरलेले पाणी. म्हणून विहिरीची खोली वाढविण्याआधी शिवारात पाणी मुरविण्याचा विचार करावा.