नित्याची दुखणी आणि उपचारांची कसोटी
तंजावरचा धन्वंतरी महाल व सूचिचिकित्सा

पाठदुखी, डोकेदुखी, पडसे, अपचन, गुडघ्यातील कळ ही माणसाच्या नित्य परिचयाची दुखणी होत. त्यांनी प्राण सहसा जात नाही. पण झोप, काम आणि उत्साह ही मात्र जातात. म्हणूनच या दुखण्यांवर जितके उपचार सांगितले जातात तितके क्वचितच दुसऱ्या कोणत्या व्याधीवर सांगितले जात असतील. घरची आजी एक काढा सांगते, शेजारी दुसरे तेल सांगतो, कोणी सुया टोचून घेण्याचा सल्ला देतो. आणि प्रत्येकाजवळ गुण आल्याचे एखादे उदाहरण असतेच. यांपैकी खरा गुणकारी उपचार कोणता, हे कसे ओळखावे? या प्रश्नाचा विचार करण्यास तंजावरच्या मराठी राजांची एक संस्था चांगली सुरुवात करून देते.

शरभोजी राजे आणि त्यांचा वैद्यकविचार

कावेरीच्या खोऱ्यातील तंजावर येथे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजी भोसले यांनी मराठी राज्य स्थापिले. त्याच घराण्यातील दुसरे शरभोजी (जन्म १७७७) हे १७९८ मध्ये गादीवर आले. पुढील वर्षीच्या तहाने राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजांकडे किल्ला, ठरावीक उत्पन्न आणि मानमरातब एवढेच राहिले. सत्ता गेली, परंतु अवकाश मिळाला. ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले होते. मराठी, संस्कृत, तमिळ व इंग्रजी ग्रंथांचा त्यांनी मोठा संग्रह केला. तो सरस्वती महाल ग्रंथालयात जतन केलेला आहे.

याच काळात राजांनी ‘धन्वंतरी महाल’ ही संस्था उभारली. तेथे माणसांसाठी तसेच जनावरांसाठी औषधे तयार होत. संस्थेचे विशेष हे की, आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि युरोपीय अशा निरनिराळ्या परंपरांच्या वैद्यांना तेथे एकत्र काम करता येई. औषधी वनस्पतींची रंगीत चित्रे काढून घेण्यात आली. गुणकारी ठरलेले पाठ निवडून ते तमिळ पद्यात रचण्यात आले. या ग्रंथमालेला ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ असे म्हणतात. ‘मुरै’ म्हणजे रीत आणि ‘शरभेंद्र’ म्हणजे शरभोजी राजे. तिच्यात नेत्ररोग, खोकला व दमा, मधुमेह अशा विकारांनुसार उपचारांची विभागणी आढळते. विसाव्या शतकात सरस्वती महालाने तिचे भाग छापून प्रसिद्ध केले.

औषधाची ही सोय केवळ राजवाड्यापुरती नव्हती. तंजावरच्या राजांनी वाटसरूंसाठी अनेक छत्रे, म्हणजे धर्मशाळा व अन्नछत्रे, बांधली होती. शरभोजींनी १८०१ मध्ये कंपनीच्या रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात या छत्रांची हकीकत आहे. वाटेत आजारी पडलेल्या प्रवाशाला तेथे वैद्य व औषध मिळे आणि तो बरा होईपर्यंत त्याची व्यवस्था पाहिली जाई.

नोंदीचे महत्त्व

धन्वंतरी महालाच्या कार्यातील अत्यंत मोलाचा भाग म्हणजे नेत्ररुग्णांच्या नोंदी. रुग्णाची तक्रार काय होती, उपचार कोणते केले, हे या पत्रकांत लिहिलेले असून सोबत विकारग्रस्त डोळ्यांची चित्रेही काढलेली आहेत. स्मरणशक्ती पक्षपाती असते. जो रुग्ण बरा झाला तो वैद्याच्या लक्षात राहतो. जो परत आलाच नाही तो विसरला जातो. नोंदीपुढे मात्र दोघेही सारखेच.

डोळ्यांच्या विकारांत नोंदीचा उपयोग सहज ध्यानात येतो. मोतीबिंदूने आंधळा झालेला मनुष्य आपोआप पाहू लागत नाही. शस्त्रक्रियेनंतर त्याला दिसू लागले, तर तो शस्त्रक्रियेचाच परिणाम, असे म्हणण्यास हरकत नाही. तथापि येथेही सावधगिरी हवी. त्या काळी भारतात बरीच प्रचलित असलेली रीत म्हणजे शलाकेने गढूळ भिंग बाजूस सारणे. तिने रुग्णास तत्काळ दिसे. पण भिंग डोळ्यातच राहिल्याने पुढे दाह होऊन किंवा डोळ्यातील दाब वाढून काहींची दृष्टी कायमची जाई. तेव्हा नोंद केवळ उपचाराच्या दिवसापुरती न ठेवता पुढेही दीर्घकाळ ठेवावी लागते, हा पहिला धडा होय.

नित्याच्या दुखण्यांची अडचण

आता पाठदुखीचे उदाहरण घ्या. कंबर धरली म्हणजे मनुष्य पहिल्याच दिवशी वैद्याकडे जात नाही. वेदना असह्य होते तेव्हा जातो. वेदना तर चढत-उतरत असते. ती शिगेला पोहोचल्यावर, काही न करताही, बहुधा उतरतेच. त्याच सुमारास घेतलेल्या औषधाला तिचे श्रेय मिळते. शिवाय वैद्याने आस्थेने विचारपूस केली, हात लावून तपासले आणि ‘बरे वाटेल’ असे सांगितले, तर तेवढ्यानेही वेदना काहीशी सुसह्य होते.

म्हणजे ‘औषध घेतले आणि बरे वाटले’ या वाक्यात तीन कारणे दडलेली असतात: औषधाचा गुण, दुखण्याचा स्वाभाविक उतार आणि मनाची अपेक्षा. नुसती नोंद कितीही काळजीपूर्वक ठेवली तरी ती ही कारणे वेगळी करू शकत नाही. त्यासाठी तुलना लागते. ही तुलना कशी करतात, हे समजण्यासाठी सूचिचिकित्सा, म्हणजेच ॲक्युपंक्चर, हे उदाहरण उत्तम आहे. कारण तिचा उपयोग आज मुख्यत्वे अशाच नित्याच्या वेदनांवर केला जातो.

सूचिचिकित्सा म्हणजे काय?

ही पद्धत चीनमधील असून तिच्या ग्रंथांची परंपरा सुमारे दोन हजार वर्षांची आहे. केसासारख्या बारीक, भरीव सुया शरीरावरील ठरावीक बिंदूंत टोचून वीस-तीस मिनिटे तशाच ठेवतात. शरीरात ‘ची’ नावाची शक्ती विशिष्ट मार्गांनी वाहते व तिचा अडथळा सुईने दूर होतो, अशी जुनी उपपत्ती आहे. शरीररचनाशास्त्रास असे मार्ग आढळलेले नाहीत. सुईमुळे मज्जातंतू उद्दीपित होतात आणि शरीरातच वेदनाशामक द्रव्ये स्रवतात, असे आधुनिक संशोधनातून दिसते.

भारतात या पद्धतीचा प्रवेश एका स्मरणीय प्रसंगाशी जोडलेला आहे. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीस १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचे पथक गेले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस व नागपूरचे डॉ. चोळकर हे होते. कोटणीस १९४२ मध्ये तेथेच कामी आले. पथकातील दुसरे सभासद डॉ. बिजयकुमार बसू हे १९५८ मध्ये पुन्हा चीनला जाऊन सूचिचिकित्सा शिकले आणि १९५९ पासून त्यांनी कलकत्त्यास ती सुरू केली. महाराष्ट्रात या चिकित्सेचे नियमन करण्यासाठी २०१५ चा स्वतंत्र अधिनियम करण्यात आला.

तुलनेची रीत

जर्मनीत जुन्या कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे रुग्णांचे तीन गट केले. पहिल्या गटास शास्त्रोक्त बिंदूंवर सुया टोचल्या. दुसऱ्या गटास बिंदू सोडून भलत्याच जागी व वरवर टोचल्या. तिसऱ्या गटास औषधे, व्यायाम इत्यादी नेहमीचे उपचार दिले. सहा महिन्यांनी पुरेसा आराम पडलेल्यांचे शेकडा प्रमाण अनुक्रमे ४७.६, ४४.२ आणि २७.४ भरले.

हे आकडे लक्षपूर्वक वाचावेत. सुया टोचलेले दोन्ही गट तिसऱ्यापेक्षा पुष्कळच पुढे आहेत. पण त्या दोहोंमधील अंतर अगदी थोडे आहे. म्हणजे रुग्णांना आराम पडला हे खरे. परंतु नेमक्या बिंदूला जे महत्त्व दिले जाते ते या चाचणीत सिद्ध झाले नाही. आपणास कोणता उपचार मिळतो हे तिसऱ्या गटास ठाऊक होते; त्यामुळे अपेक्षेचा वाटाही मोठा असू शकतो.

एका चाचणीवर निर्णय देऊ नये, म्हणून ३९ चाचण्यांतील २०,८२७ रुग्णांची माहिती एकत्र करून २०१८ मध्ये पुन्हा तपासण्यात आली. पाठ, मान, खांदा व गुडघा यांच्या जुनाट वेदना आणि जुनी डोकेदुखी यांत खऱ्या सुया खोट्या सुयांपेक्षा थोड्या सरस ठरल्या; सुया न टोचलेल्या रुग्णांशी तुलना करता अंतर अधिक दिसले. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवरही मनगटाजवळील एका बिंदूचा उपयोग होत असल्याचे आढळले आहे. याउलट मधुमेह, क्षय यांसारखे रोग सुयांनी बरे होतात, असे मानण्यास आधार नाही. अशा रोगांवरील चालू औषध सुयांच्या भरवशावर बंद करणे धोक्याचे आहे.

रुग्णाने घ्यावयाची काळजी

सुई निर्जंतुक व एकदाच वापरावयाची असावी. दूषित सुईने काविळीसारखे रोग पसरतात. छातीवर सुई खोल गेल्यास फुप्फुसास इजा होऊ शकते, म्हणून चिकित्सक प्रशिक्षित हवा. पाठदुखीबरोबर ताप, पाय लुळा पडणे किंवा लघवी अडणे ही लक्षणे असतील, तर कोणताही घरगुती वा पूरक उपचार करीत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे.

सारांश

शरभोजी राजांच्या वैद्यांनी निरनिराळ्या परंपरांची औषधे एका छताखाली आणली व रुग्णांची नोंद ठेवली. पुढील काळाने त्या नोंदीस तुलनेची जोड दिली. उपचार आपला की परका, जुना की नवा, हा प्रश्न दुय्यम आहे. ज्यांना तो मिळाला आणि ज्यांना मिळाला नाही, त्यांच्यात फरक काय पडला, हे विचारावयाचे. वेदनेने गांजलेल्या माणसाचा पैसा, वेळ आणि विश्वास या एका प्रश्नाने वाचू शकतो.

विचारासाठी प्रश्न

१. मोतीबिंदूच्या उपचाराचा गुण ओळखणे पाठदुखीच्या उपचारापेक्षा सोपे का?
२. जर्मनीतील चाचणीत दुसरा गट नसता, तर कोणता चुकीचा निष्कर्ष काढला गेला असता?
३. आपल्या घरात पडशावर केला जाणारा एखादा उपचार घ्या. तो खरोखर गुणकारी आहे की नाही, हे ठरविण्यासाठी तुलना कशी योजाल?