विहिरीचे ऊन पाणी व भूगर्भातील उष्णता
(विषय : सामान्य विज्ञान व भूगोल. इयत्ता पाचवी ते सातवी)

हेतू

भोर व वेल्हे तालुक्यांतील डोंगरी गावांत पौषातील पहाटे विहिरीवर वाफ तरंगताना दिसते आणि पोहऱ्यातील पाणी हातास ऊन लागते. यावरून विहिरीखाली उष्णतेचा साठा असला पाहिजे, असा समज सहज होतो. पावसाळ्यात झाडे पडून विजेच्या तारा तुटतात, आणि आभाळ झाकलेले असल्यामुळे त्या दिवसांत सूर्यशक्तीवरही पुरता भरवसा ठेवता येत नाही. अशा गावास जमिनीतील उष्णतेपासून वीज मिळेल काय, असा प्रश्न विद्यार्थ्याने विचारल्यास तो हसण्यावारी नेऊ नये. त्याचे उत्तर मोजमापाने कसे शोधावे, हे दाखविणे हा या पाठाचा हेतू आहे.

विषयविवेचन

पृथ्वीच्या पोटात जसजसे खोल जावे तसतशी उष्णता वाढते. ही वाढ सामान्यतः दर किलोमीटरला 25 ते 30 अंश सेल्सिअस असते. कठीण व प्राचीन खडकांच्या प्रदेशात ती याहून कमीही असू शकते. या हिशेबाने 100 मीटर खोल विंधन विहिरीच्या तळाशी अवघी अडीच-तीन अंशांची वाढ मिळेल. वीजनिर्मितीस सोयीचे 150 अंश तापमान हवे असल्यास सुमारे 4 ते 5 किलोमीटर खोल जावे लागेल. सातारा जिल्ह्यातील कोयना परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी 2017 साली सुमारे 3 किलोमीटर खोल छिद्र घेण्यात आले. ते केंद्र सरकारच्या पृथ्वीविज्ञान मंत्रालयाचे कार्य होते. असे काम एखाद्या गावाच्या आवाक्यातील नव्हे.

काही ठिकाणी मात्र निसर्गच ही उष्णता वर आणून देतो. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल मुरते, तेथे तापते आणि दुसऱ्या भेगेवाटे पृष्ठभागावर येते. सह्याद्रीच्या पायथ्याशी कोकणात असे अनेक झरे आहेत : महाडजवळील सव, पालीजवळील उन्हेरे, रत्नागिरी जिल्ह्यातील उन्हवरे, तुरळ व राजवाडी, आणि राजापूरजवळील उन्हाळे. यांतील कित्येक नावांत ‘ऊन’ हा शब्दच आहे, हे विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावे. या पट्ट्यातील सर्वांत उष्ण झऱ्यांचे पाणी सुमारे 70 अंशांपर्यंत असते. भोरहून वरंधा घाट उतरून महाडास जाता येते. परंतु घाटाखाली झरा आहे म्हणून घाटमाथ्यावरही तो असेल, असे अनुमान करता येत नाही. तेथील ऊन पाणी वर चढवावयाचे तर वाटेत ते थंड होईल आणि खर्चही फार येईल.

विहिरीचे पाणी ऊन का लागते ?

दिवसरात्रीच्या तापमानातील फरक जमिनीत सुमारे मीटरभर खोलीवर जवळजवळ नाहीसा होतो, आणि ऋतूंचा फरक 10 ते 15 मीटरवर. म्हणून खोल विहिरीचे पाणी वर्षभर साधारण एकाच तापमानाचे राहते. थंडीत हवा 10 अंशांवर असता 25 अंशांचे पाणी ऊन वाटते. वैशाखात हवा 38 अंशांवर गेली म्हणजे तेच पाणी गार वाटते. पाणी तेच असते. बदलते ती हवा. हात फसतो, तापमापक फसत नाही.

कृती

1. प्रयोगशाळेतील तापमापक घ्यावा. ताप मोजण्याचा घेऊ नये.
2. जड बाटली दोरीने विहिरीत सोडून दहा मिनिटे बुडवून ठेवावी. वर काढताच सावलीत पाण्याचे तापमान वाचावे. विहिरीच्या काठावर फक्त शिक्षकांनी जावे. विद्यार्थ्यांनी दूर राहून नोंद करावी.
3. हातपंप असल्यास प्रथम पाच मिनिटे पाणी उपसावे, नंतर मोजावे.
4. दर महिन्याच्या ठराविक तारखेस, ठराविक वेळी पाण्याचे व हवेचे तापमान लिहावे. वर्षाअखेर दोन्हींचे आलेख एकाच कागदावर काढावेत.

पाण्याची रेषा आडवी व 25 अंशांच्या आसपास राहिल्यास तो सामान्य भूजलाचा गुण समजावा. एखाद्या विहिरीचे पाणी बारमाही 5 अंशांहून अधिक उष्ण आढळल्यास पुन्हा मोजून ती नोंद भूजल सर्वेक्षण कार्यालयास कळवावी.

हिशेब

15 लिटरची बादली 15 सेकंदांत भरते, म्हणजे प्रवाह सेकंदास 1 लिटर. पाणी 60 अंशांवरून 35 अंशांवर आणले तर सेकंदास 25 किलोकॅलरी, म्हणजे सुमारे 105 किलोवॅट उष्णता मिळते. इतक्या कमी तापमानात तिचा जेमतेम विसावा भाग विजेत उतरतो, म्हणजे सुमारे 5 किलोवॅट. मात्र धान्य वाळविण्यास वा स्नानास ती उष्णता थेट वापरता येते. आइसलँडमधील रेक्याविक येथे 1930 साली झऱ्याचे पाणी नळाने आणून प्रथम ज्या इमारती उबदार करण्यात आल्या, त्यांत एक प्राथमिक शाळा होती. लडाखमधील पुगा येथे भूगर्भातील वाफेपासून वीज मिळविण्याच्या प्रायोगिक प्रकल्पासाठी 2021 साली करार झाला.

तालुक्यातील एकाही गावास यातून वीज मिळेल असे वचन विद्यार्थ्यांना देऊ नये. परंतु ‘पाणी ऊन आहे’ म्हणून गावाचा पैसा खोल विंधन विहिरीत घालण्यापूर्वी वर्षभराची नोंदवही पाहावी, एवढे शाळा गावास निश्चित सांगू शकते.

प्रश्न

1. थंडीत वाफ येणारी विहीर उन्हाळ्यात गार का वाटते ?
2. 60 मीटर खोल विंधन विहिरीत तळाशी किती अंश वाढ अपेक्षित आहे ?
3. झऱ्याचे तापमान ठाऊक असूनही प्रवाह मोजणे का आवश्यक आहे ?